‘मेहनत कमी पडली’: कॅटच्या निकालावरचा चुकीचा निवाडा

व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे आयआयएम, दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस ‘कॅट’ ही परीक्षा घेतात आणि साधारण डिसेंबरच्या उत्तरार्धात तिचा निकाल लागतो. अपेक्षेपेक्षा कमी पर्सेंटाइल मिळालेल्या उमेदवाराला त्या दिवसापासून घरात, क्लासमध्ये आणि मित्रमंडळींत एकच स्पष्टीकरण ऐकायला मिळते: मेहनत कमी पडली. सल्लाही त्याच दमात येतो: एक वर्ष ड्रॉप घे, बाकी सगळे सोडून अभ्यास कर, पुढच्या वर्षी होईल. दोन्ही गोष्टी इतक्या सवयीच्या झाल्या आहेत की त्या तपासून पाहायची गरज कोणाला वाटत नाही. तपासल्या तर हे स्पष्टीकरण बहुतेक उमेदवारांच्या बाबतीत टिकत नाही, आणि तो सल्ला बहुतेकांचे नुकसान करतो.

पर्सेंटाइल हा गुण नसून क्रम आहे. २४ नोव्हेंबर २०२४ रोजी झालेल्या कॅटला सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवार बसले. ९९ पर्सेंटाइल म्हणजे त्यांच्यातले सर्वांत वरचे सुमारे २,९०० जण. ९० पर्सेंटाइल म्हणजे पुढे जवळपास २९ हजार आणि मागे २ लाख ६३ हजारांहून अधिक. या सगळ्यांनी पुढच्या वर्षी दुप्पट मेहनत केली, पहाटे चारला उठून गणिते सोडवली, तरी ९९ पर्सेंटाइलच्या वर तेवढेच २,९०० जण राहतील. उरलेल्या २ लाख ९० हजारांना पुन्हा ‘मेहनत कमी पडली’ असेच सांगितले जाईल. स्पर्धेची रचनाच जेव्हा शंभरातल्या नव्व्याण्णवांना खाली ठेवणारी असते, तेव्हा खाली राहण्याचे कारण प्रत्येकाच्या आळसात शोधणे हा हिशेबातला दोष आहे. किती मेहनत ‘पुरेशी’ ते या परीक्षेत उमेदवार ठरवत नाही. ते त्याच खोलीत आणि देशभरातल्या इतर केंद्रांवर बसलेले बाकीचे लोक ठरवतात.

गुणांकडे पाहिले तर हे आणखी स्पष्ट होते. २०२४च्या प्रश्नपत्रिकेत ६८ प्रश्न होते: इंग्रजी आकलनाचे २४, माहितीचे विश्लेषण आणि तर्काचे २२, गणिताचे २२. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्यायांचा प्रश्न चुकला तर १ गुण वजा, आणि उत्तर स्वतः टाइप करायच्या प्रश्नाला वजाबाकी नाही. एकूण २०४ गुण. ९९ पर्सेंटाइलला पोहोचायला यातले निम्मे गुणही लागले नाहीत. शाळेपासून ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या भाषेत वाढलेल्या घराला हे समजत नाही. मुलीला ६८ पैकी २५-२६ प्रश्न जमले एवढे कळल्यावर वडील मान हलवतात आणि अभ्यासच केला नाही असा निष्कर्ष काढतात. प्रत्यक्षात त्या मुलीने लाखो उमेदवारांना मागे टाकलेले असते. बोर्डाच्या परीक्षेत अभ्यासक्रम ठरलेला असतो आणि तो पुरा केला की गुण मिळतात, म्हणून तिथे कमी गुणांचा आणि कमी मेहनतीचा संबंध निदान काही अंशी लावता येतो. कॅटची प्रश्नपत्रिका मुळातच पुरी सुटू नये अशा बेताने काढलेली असते.

दुसरा मुद्दा मोजमापाच्या अचूकतेचा. कॅटच्या गुणपत्रकावर पर्सेंटाइल दोन दशांश स्थळांपर्यंत छापलेले असते. त्यामुळे ९१.३७ हा आकडा डॉक्टरच्या तपासणीतल्या आकड्याइतका नेमका वाटतो. तो तसा नाही. नव्वद आणि पंचाण्णव पर्सेंटाइलमधले अंतर २०२४मध्ये जेमतेम तीन-चार प्रश्नांचे होते. एक पर्यायी प्रश्न बरोबर येण्याऐवजी चुकला की चार गुणांचा फरक पडतो आणि तेवढ्याने हजारो उमेदवार पुढे निघून जातात.

तर्काच्या विभागात हे कसे घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. २०२४मध्ये या विभागात पाच संच होते, दोन पाच प्रश्नांचे आणि तीन चार प्रश्नांचे, आणि वेळ चाळीस मिनिटे. उमेदवार आधी पाचही संच चाळतो. त्यात चार-पाच मिनिटे जातात. मग एक निवडतो, कच्च्या कागदावर तक्ता आखतो, दिलेल्या अटी एकेक करून भरत जातो. दहा-बारा मिनिटांनी लक्षात येते की एका चौकटीत दोन आकडे बसू शकतात आणि कोणता हे ठरवणारी अट कुठेतरी सुटली आहे. सोडून द्यावे तर बारा मिनिटे वाया, धरून बसावे तर उरलेले चार संच हातचे जाणार. त्या घटकेला घेतलेला निर्णय बारा-पंधरा गुणांचा असतो, आणि या विभागाचे पर्सेंटाइल तेवढ्याने कुठल्या कुठे जाते. वर्षभर रोज दोन संच सोडवणाऱ्याच्याही वाट्याला हा प्रसंग येतो. त्यात मेहनतीचा भाग आहे, निवडीचा आहे, आणि बराचसा त्या दिवसाचा आहे. हे सारे एकाच आकड्यात मिसळलेले असताना त्यातून फक्त मेहनत वेगळी काढून दाखवणे कोणालाच शक्य नाही.

मोजमापातल्या या ढिलाईची कबुली देण्याची प्रथा इतरत्र आहे. जीमॅट या आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या जुन्या स्वरूपात एकूण गुण २०० ते ८०० असत, आणि परीक्षा घेणारी संस्था स्वतःच सांगत असे की या गुणांची प्रमाण त्रुटी ३० ते ४० आहे. म्हणजे ६५० मिळालेल्या उमेदवाराची खरी पातळी ६१० असू शकते किंवा ६९०ही. कॅटच्या गुणपत्रकावर असा पट्टा छापलेला नसतो. तीन सत्रांत तीन वेगळ्या प्रश्नपत्रिका असतात आणि कच्च्या गुणांचे समानीकरण करून मगच पर्सेंटाइल काढले जाते, हेसुद्धा घरच्यांपर्यंत पोहोचत नाही. आयआयएमनी पर्सेंटाइलशेजारी त्याची संभाव्य चूकही छापायला हवी. सांख्यिकी शिकवणाऱ्या संस्थांना ते अवघड नाही, आणि त्या एका ओळीने हजारो घरांतले भांडण टळेल.

मेहनत हा शब्द वापरताना सर्वांचा आरंभबिंदू एकच होता असे गृहीत धरले जाते. कॅट इंग्रजीत होते. तिच्यातल्या २४ आकलन-प्रश्नांपैकी १६ उताऱ्यांवरचे असतात आणि ते उतारे तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, पर्यावरण, कलासमीक्षा अशा विषयांवरचे, दाट वाक्यांचे असतात. लातूर किंवा चंद्रपूरच्या मराठी शाळेतून दहावी झालेला मुलगा आणि घरात तीन पिढ्यांपासून इंग्रजी वर्तमानपत्र येणारी दक्षिण मुंबईतली मुलगी यांनी एका वर्षात सारखीच मेहनत केली, तरी त्या मुलीमागे पंधरा वर्षांचे वाचन उभे असते. गणिताचेही तेच. प्रश्न दहावीच्या आसपासच्या पातळीचे असतात हे खरे, पण अभियांत्रिकीचा विद्यार्थी गणितात सतत राहिलेला असतो आणि कला शाखेच्या मुलाने दहावीनंतर बीजगणित पाहिलेले नसते. हिंजवडीतल्या कंपनीत नोकरी करून रात्री नऊला खोलीवर पोहोचणाऱ्याचे दोन तास आणि घरी बसून तयारी करणाऱ्याचे दहा तास यांचीही बरोबरी होत नाही. ‘मेहनत कमी पडली’ असे म्हटल्यावर हे सारे फरक पुसले जातात आणि उरतो फक्त एक आळशी उमेदवार, जो बहुधा मुळात नव्हताच.

या स्पष्टीकरणाच्या बाजूने एक गंभीर युक्तिवाद मात्र आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. अपयशाचे कारण माणूस कशात शोधतो यावर त्याचे पुढचे वागणे अवलंबून असते, हा मानसशास्त्रातला मान्य विचार आहे. बर्नार्ड वाइनर यांनी १९७०च्या दशकात त्याची मांडणी केली. बुद्धी ही बदलता न येणारी गोष्ट वाटते, मेहनत ही आपल्या हातातली. म्हणून ‘तुझी कुवतच नाही’ असे सांगण्यापेक्षा ‘तू कमी कष्ट घेतलेस’ असे सांगितलेले बरे, कारण त्यात आशा शिल्लक राहते. कॅरोल ड्वेक यांनी १९७५मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अपयशापुढे हात टेकणाऱ्या लहान मुलांना अपयशाचा संबंध कमी प्रयत्नांशी लावायला शिकवले, तेव्हा ती मुले अधिक चिकाटीने गणिते सोडवू लागली. क्लासच्या व्याख्यानांत आणि प्रेरणादायी पुस्तकांत आज जे सांगितले जाते त्याचे मूळ अशा संशोधनात आहे.

पण ते संशोधन कशावर झाले होते ते पाहायला हवे. ती लहान मुले होती, काम त्यांच्या आवाक्यातले होते आणि जास्त प्रयत्न केला की उत्तर येत होते. कोणाला तरी मागे टाकल्याशिवाय यश नाही अशी तिथे अट नव्हती. कॅटला बसलेला तेवीस वर्षांचा तरुण वेगळ्या जागी उभा असतो. त्याने आठ-दहा महिने खरोखर कष्ट घेतलेले असतात. अशा माणसाला ‘कष्ट कमी पडले’ असे सांगितल्यावर काय होते, याचाही अभ्यास झालेला आहे. मार्टिन कॉव्हिंग्टन आणि कॅरोल ओमलिक यांनी १९७९मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात प्रयत्नाला दुधारी तलवार म्हटले. त्यांना असे दिसले की भरपूर प्रयत्न करूनही अपयश आले तर विद्यार्थ्याला सर्वांत जास्त लाज वाटते, कारण आता कुवतीवरच बोट ठेवले जाणार असे त्याला वाटू लागते. शिक्षक मात्र प्रयत्न न करणाऱ्यालाच दोष देतात. मग विद्यार्थ्यापुढे दोनच वाटा राहतात. कष्ट केले हे कबूल करून कमकुवत ठरायचे, किंवा कष्ट केलेच नाहीत असे भासवून आळशी ठरायचे. निकालाच्या संध्याकाळी ‘मी यंदा सिरियसली दिलीच नव्हती’ असे मित्रांना सांगणारे अनेक जण असतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या कपाटात मॉक टेस्टच्या नोंदींनी भरलेल्या वह्या असतात. खोटे बोलण्याची ही पाळी त्यांच्यावर त्या एका वाक्याने आणलेली असते.

याची किंमत फक्त मनस्तापात मोजून भागत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि राज्यवार यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. प्रत्येक आत्महत्येमागे परीक्षाच असते असे नाही आणि कोणत्याही एका परीक्षेवर हा आकडा लादता येत नाही. तरीही अपयशी उमेदवाराशी बोलताना शब्द जपून वापरण्याचे कारण म्हणून तो पुरेसा आहे. निकालानंतर झोप उडाली, जेवण तुटले, कोणाशी बोलावेसे वाटेनासे झाले आणि हे आठवडाभराहून जास्त टिकले, तर तो अभ्यासाचा प्रश्न राहत नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते.

आता सल्ल्याकडे, म्हणजे ड्रॉपकडे. ही कल्पना मराठी घरांत वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांतून आली. बारावी झालेल्या मुलाकडे पदवी नसते, नोकरीही मिळण्यासारखी नसते. नीटसाठी त्याने आणखी एक वर्ष दिले तर त्याचे फारसे काही अडत नाही, आणि वैद्यकीय महाविद्यालय प्रवेश देताना मधल्या वर्षाबद्दल विचारत नाही. स्पर्धा परीक्षांनी ही सवय आणखी पक्की केली. पुण्याच्या सदाशिव पेठेत अभ्यासिकेतल्या एका खुर्चीसाठी महिन्याचे भाडे भरून वर्षानुवर्षे एमपीएससीची तयारी करणारी मुले सगळ्या महाराष्ट्राने पाहिली आहेत. निदान यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला वयाची आणि प्रयत्नांची मर्यादा तरी आहे: खुल्या प्रवर्गासाठी ३२ वर्षे आणि सहा प्रयत्न. कॅटला दोन्ही नाहीत. ‘आणखी एकदा’ म्हणत राहायला इथे कोणतीच भिंत आडवी येत नाही.

व्यवस्थापनाचे शिक्षण मात्र निराळ्या तऱ्हेने निवड करते. आयआयएम अहमदाबादच्या अलीकडच्या वर्षांतल्या जाहीर प्रवेशधोरणात अंतिम निवडीसाठी मुलाखतीला ५० टक्के, लेखनचाचणीला १० टक्के, कॅटच्या गुणांना २५ टक्के आणि अर्जाच्या मूल्यांकनाला १५ टक्के वजन दिलेले आहे. अर्जाच्या मूल्यांकनात दहावी, बारावी आणि पदवीचे गुण येतात, नोकरीचा अनुभव येतो. मुलाखतीला कोणाला बोलवायचे ते ठरवतानाही हेच मूल्यांकन कॅटच्या जोडीने धरले जाते. इतर आयआयएमची सूत्रे वेगळी असली तरी शालेय गुण आणि अनुभव यांना जागा बहुतेक ठिकाणी आहे. दहावीला ६८ टक्के मिळालेल्या मुलाने कितीही ड्रॉप घेतले तरी ते ६८ बदलत नाहीत. अनुभवाचे गुण मात्र दर महिन्याला वाढू शकतात, आणि ड्रॉप घेणारा नेमके तेच थांबवतो. मग मुलाखतीत त्याला पहिला प्रश्न येतो: वर्षभर काय केलेत? कॅटचा अभ्यास केला, हे उत्तर व्यवस्थापक निवडायला बसलेल्या प्राध्यापकांवर छाप पाडत नाही.

ड्रॉपच्या बाजूने जे पुरावे दिले जातात ते वर्तमानपत्रातल्या जाहिरातींसारखे असतात. जानेवारीत पहिल्या पानावर नव्व्याण्णवच्या पुढच्या पर्सेंटाइलवाल्यांचे फोटो छापून येतात. त्या क्लासमध्ये एकूण किती जणांनी फी भरली, त्यांपैकी दुसऱ्यांदा बसलेले किती, आणि त्यांच्यातल्या कितींचे पर्सेंटाइल वाढले, हे शेजारी छापलेले नसते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या फसव्या जाहिरातींना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. विद्यार्थ्याचे नाव आणि फोटो वापरायला यशानंतर घेतलेली त्याची लेखी संमती लागेल आणि त्याने नेमका कोणता अभ्यासक्रम घेतला होता ते सांगावे लागेल, असे त्यांत म्हटले आहे. ही तत्त्वे काढावी लागली यातच सगळे आले. ‘आमच्या शेजारचा मुलगा दुसऱ्या प्रयत्नात गेला’ हा पुरावाही त्याच जातीचा आहे. शेजारची जी तीन मुले दुसऱ्या प्रयत्नातही गेली नाहीत त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही.

दुसऱ्या प्रयत्नात पर्सेंटाइल वाढले म्हणजे ड्रॉपमुळे वाढले असेही नसते. ज्याचा पहिला दिवस नेहमीपेक्षा वाईट गेला, त्याचा दुसरा दिवस बहुधा नेहमीसारखा जातो, आणि गुण आपोआप वर येतात. तो वर्षभर घरी बसला असता तरी, आणि नोकरी करत राहिला असता तरी, यातला बराचसा फरक पडलाच असता. सगळे श्रेय मात्र घरी बसण्याला दिले जाते.

ड्रॉपचा सल्ला आणखी एका कारणाने घातक आहे: तो दिला जातो तेव्हा चालू हंगाम संपलेला नसतो. प्रवेशपरीक्षांचे वेळापत्रक उमेदवाराला ठाऊक असते, सल्ला देणाऱ्यांना नसते. जमशेदपूरच्या एक्सएलआरआयची झॅट ही परीक्षा जानेवारीच्या सुरुवातीला होते, पण तिचे अर्ज कॅटच्या निकालाआधीच बंद झालेले असतात. सिम्बायोसिसची स्नॅप डिसेंबरात होते, ती हंगामात तीनदापर्यंत देता येते आणि सर्वोत्तम गुण धरले जातात. तिचेही अर्ज नोव्हेंबरातच संपतात. म्हणून कॅटच्या निकालाची वाट न पाहता परीक्षेआधीच हे अर्ज भरलेले असणे हिताचे असते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास उमेदवाराची उत्तरपत्रिका आणि उत्तरसूची हाती येतात आणि अंदाज तेव्हाच बांधता येतो.

महाराष्ट्रातल्या उमेदवारासाठी सर्वांत मोठा दरवाजा निकालानंतरही उघडा असतो, आणि निराशेच्या भरात नेमके त्याच्याकडेच दुर्लक्ष होते. राज्याच्या सीईटी कक्षाची एमबीए-एमएमएस सीईटी ही परीक्षा मार्च-एप्रिलच्या सुमारास होत आली आहे. तिचा स्वभाव कॅटहून अगदी वेगळा आहे. २०२५पर्यंतच्या स्वरूपात १५० मिनिटांत २०० प्रश्न सोडवायचे असत आणि चुकीच्या उत्तराला वजाबाकी नसे. २०० पैकी ७५ प्रश्न तार्किक युक्तिवादाचे आणि २५ आकृत्यांच्या तर्काचे, म्हणजे निम्मी प्रश्नपत्रिका तर्काची. दाट इंग्रजी उताऱ्यांपुढे अडखळणाऱ्या पण झपाट्याने विचार करणाऱ्या मुलाला ही परीक्षा मानवू शकते. प्रश्नाला ४५ सेकंद मिळतात. त्यामुळे इथे लागते ती गती आणि कुठे थांबायचे नाही याचे भान. मुंबई विद्यापीठाची १९६५ साली सुरू झालेली जमनालाल बजाज संस्था, सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था आणि पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग या सरकारी किंवा विद्यापीठीय संस्थांचा रस्ता इथून जातो. जमनालाल बजाजमध्ये जागा मिळवणे ९९ पर्सेंटाइलच्याही पुढचे काम आहे, म्हणून ही सोपी पळवाट समजू नये. पण कॅटला ८५ मिळालेला उमेदवार इथे कुठे असेल ते कॅटच्या आकड्यावरून सांगता येत नाही. दोन परीक्षा दोन वेगळी कौशल्ये तपासतात.

कॅटचे गुणपत्रक वाचायचे ते अशा निवडींसाठी. समजा एका उमेदवाराचे एकूण पर्सेंटाइल ८६ आहे, इंग्रजीत ९५, तर्कात ८४ आणि गणितात ५८. ‘मेहनत कमी पडली’ असे म्हणणारा त्याला तिन्ही विभागांची तयारी पुन्हा पहिल्यापासून करायला लावेल. नीट पाहिले तर त्याची अडचण एकाच जागी आहे, आणि बहुतेक आयआयएम प्रत्येक विभागात किमान पर्सेंटाइल मागत असल्याने ती तिथे निर्णायक आहे. मग उत्तरपत्रिका उघडून गणिताचे २२ प्रश्न एकेक करून पाहावेत. किती सोडवलेच नाहीत, किती सोडवून चुकले, आणि चुकलेल्यांपैकी किती घरी शांतपणे पाच मिनिटांत सुटतात? चौदा प्रश्नांना हातच लावला नसेल तर वेग आणि निवडीचा प्रश्न आहे. हात लावलेल्यांतले बरेच चुकले असतील आणि ते घरीही सुटत नसतील तर पायाचा. पहिला दोष दोन-तीन महिन्यांत सुधारू शकतो, दुसऱ्याला जास्त काळ लागतो. कोणत्याही स्थितीत दिवसाचे दहा तास रिकामे ठेवण्याची गरज यातून सिद्ध होत नाही.

पुन्हा कॅट द्यावीच असे ठरवायला एक खरी खूण आहे. परीक्षेआधीच्या दोन महिन्यांतल्या मॉक परीक्षांची सरासरी काढावी. एखाद्या चमकलेल्या मॉकचा आकडा त्यासाठी धरू नये. प्रत्यक्ष पर्सेंटाइल त्या सरासरीपेक्षा बरेच खाली असेल, तर त्या दिवशी काहीतरी बिघडले होते आणि पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे. सरासरीच्या आसपास असेल, तर परीक्षेने उमेदवाराची आजची पातळी बऱ्यापैकी पकडली आहे, आणि त्याच पद्धतीचे आणखी एक वर्ष ती फारशी हलवणार नाही. अशा वेळी मिळणाऱ्या संस्थांमधली एखादी निवडणे, किंवा नोकरी धरून एकाच दुबळ्या विभागावर काम करणे हे दोन शहाणे पर्याय आहेत. दोन वर्षांच्या अनुभवानंतर हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेससारख्या संस्थांचे एक वर्षाचे अभ्यासक्रमही खुले होतात, आणि त्यांना चालणारे जीमॅटचे गुण पाच वर्षे वैध असतात. कॅटचे गुण एका प्रवेशवर्षापुरतेच असतात, पण ती परीक्षा कोणत्याही वयात, कितीदाही देता येते. नोकरी करत दिलेल्या दुसऱ्या कॅटला आयआयएमच्या सूत्रात पहिल्या कॅटइतकेच वजन असते, आणि तोवर अर्जातल्या अनुभवाच्या रकान्यात बारा किंवा चोवीस महिने जमा झालेले असतात.